जोडलेल्या पार्टची मालकी

एकच पार्ट अनेक असेंब्लींत लागत असेल, तर तो प्रत्येक ठिकाणी कॉपी करावा की एका मूळ फाइलला लिंक करावा? इव्हान सदरलँड यांनी 1963 मध्ये एमआयटीत मांडलेल्या ‘स्केचपॅड’मध्येच याचे उत्तर होते : मूळ आकृती एक, तिची प्रतिरूपे अनेक, आणि मूळ बदलले की सगळी बदलतात. ऑटोकॅडमधले एक्सरेफ काय किंवा आजच्या असेंब्ली फाइली काय, तत्त्व तेच. तंत्र इतके जुने असूनही चुकीच्या रिव्हिजनचा माल शॉप फ्लोअरवर येतोच. कारण आपण लिंक देतो, पण त्या पार्टचा मालक ठरवत नाही.

एअरबस ए-380 चे उदाहरण घ्या. एका विमानात सुमारे 530 किलोमीटर वायर. हॅम्बुर्गचे डिझायनर कॅटिया या सॉफ्टवेअरच्या व्ही-4 आवृत्तीवर काम करत होते, तुलूजचे व्ही-5 वर. एकीकडचे बदल दुसरीकडे नीट पोचले नाहीत आणि प्रत्यक्ष जोडणीत हार्नेस आखूड पडले. 2006 मध्ये वेळापत्रक पुन्हा पुन्हा पुढे गेले. पहिले विमान सिंगापूर एअरलाइन्सच्या हाती पडायला ऑक्टोबर 2007 उजाडला. दोष सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांवर टाकला जातो, पण मला ते निदान अपुरे वाटते. दोन आवृत्त्या वापरायच्या की एकच, हा निर्णय माणसांचाच असतो.

लिंकला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे, की कॉपी निदान नकळत बदलत नाही. भीती रास्त आहे. एका मशीनसाठी ब्रॅकेटचे भोक दोन मिलिमीटर सरकवले, तर बाकीच्या असेंब्ली बिघडतात. पण कॉपीत जुनी चूकही तितकीच निश्चिंत राहते. म्हणून लिंक असावी ती मंजूर रिव्हिजनला. अर्धवट काम वेगळ्या जागी राहावे. बदलापूर्वी तो पार्ट कुठे कुठे वापरला आहे ते तपासावे. नवा पार्ट जुन्याच्या जागी सर्वत्र बसत नसेल, तर रिव्हिजन न वाढवता नवा नंबर द्यावा. कागदी ड्रॉइंगच्या काळापासूनचा हा नियम संगणक आल्यावर आपण का सोडला, कळत नाही! वेंडरकडे जाणारी फाइल मात्र सुटी, गोठवलेली प्रतच हवी. तिथे जिवंत लिंक धोक्याची.

भोसरीतल्या लहान कारखान्याला डेटा व्यवस्थापनाचे महागडे सॉफ्टवेअर परवडत नाही, हा दुसरा आक्षेप. ते घ्यावेच असे कुठे आहे? नेटवर्कवर एक सामाईक फोल्डर, इतरांना फक्त वाचण्याची मुभा, बदलाचा अधिकार एकाच नेमलेल्या व्यक्तीकडे, एवढ्यावर बरेच भागते. फाइलचे नाव म्हणजे पार्ट नंबर. ‘फायनल’, ‘नवीन फायनल’ बंद. सॉलिडवर्क्समध्ये त्याच नावाची दुसरी फाइल आधीच उघडी असेल तर असेंब्ली तीच उचलते, फोल्डर कोणतेही असो. ‘ब्रॅकेट-1’ हे नाव किती महागात पडू शकते, ते यावरून कळावे.

तेव्हा माझी एक विनंती. कामावर परतल्यावर आपल्याकडे सर्वाधिक असेंब्लींत वापरला जाणारा पार्ट शोधा, तो बदलण्याचा अधिकार कुणाचा हे विचारा आणि त्या व्यक्तीचे नाव लेखी नोंदवून घ्या.