दुधाची पिशवी आणि भंगाराची गाडी
(वार्षिक समारंभातील भाषण)



प्लॅस्टिकवर बोलावयास मी उभा राहिलो तेव्हा काहींना वाटले असेल, आता बंदीचे पुराण ऐकावे लागणार. तसे नाही. मला दुधाच्या पिशवीविषयी बोलावयाचे आहे.

आपला जिल्हा, पूर्वीचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर, दुधाचा जिल्हा. रोज सकाळी पिशवी घरात येते. आपण तिचा कोपरा कापतो. दूध पातेल्यात जाते आणि नखाएवढा तुकडा मोरीत. पिशवी वितळवून तिचा पुन्हा दाणा करता येतो. तो तुकडा मात्र कोणी वेचत नाही. गटारातून तो सीनेच्या वाटेला लागतो. म्हणून कोपरा पुरता कापू नका, पिशवीला लटकता राहू द्या. एवढ्यासाठी सरकार कशाला हवे?

सरकारनेही प्रयत्न केला. मार्च २०१८ च्या अधिसूचनेत रिकाम्या दूधपिशवीला किमान ५० पैसे परत द्यावेत, असे होते. ते ५० पैसे माझ्या हातावर अजून कोणी ठेवलेले नाहीत! पातळ पिशव्यांवर बंदी आली त्यामागे मात्र साधा हिशेब आहे. अशा शेकडो पिशव्या वेचाव्या तेव्हा किलो भरतो; मग भंगारवाला त्या उचलील कशाला? त्या उकिरड्यावर राहतात आणि गाईच्या पोटात जातात. गुटख्याच्या पुडीची तर गोष्टच वेगळी. तिच्यात निरनिराळे थर एकमेकांना चिकटलेले असतात. ते सुटे होत नाहीत, म्हणून तिला गिऱ्हाईक नाही.

म्हणजे खरे काम कोण करते? आपल्या दारावरून ओरडत जाणारा गाडीवाला. ओल्या, खरकट्या पिशवीला त्याला भाव मिळत नाही. ती धुऊन, वाळवून देणे आपल्या हाती आहे.

मागे एका विद्यार्थ्याने अर्जावर वडिलांच्या व्यवसायाची जागा कोरी ठेवली होती. विचारले, तर मान खाली घालून म्हणाला, "सर, अब्बा भंगार गोळा करतात." मला वाईट वाटले, ते त्या धंद्याचे नव्हे, ही शरम त्याला आपणच शिकवली, याचे.

मी त्याच्या वडिलांना वर्गावर बोलावले. आधी संकोचले, मग आले. त्यांनी पिशव्या मुलांच्या कानाशी चुरगाळल्या: ही कुरकुरते, ही मऊ पडते, दोन्हींची पोती वेगळी. मग पाण्याच्या बाटलीचा तुकडा आणि तिचे झाकण बादलीत टाकले. तुकडा तळाशी गेला, झाकण तरंगले. म्हणाले, "दोन्ही प्लॅस्टिकच, पण एकत्र वितळवले तर माल बिघडतो."

विज्ञानाच्या पुस्तकातील घनता मुलांना त्या दिवशी कळली. बादली धरून उभा होता तो त्यांचाच मुलगा. तास संपल्यावर त्याने अर्ज परत मागून घेतला आणि कोरी जागा शाईने भरली.