एका स्टेशनावरचा नाश्ता

आदरणीय सर, बाई आणि १९९५च्या दहावीतल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला ‘सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या संधी’ हा विषय दिला होता. त्यातलं आपल्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून मी तो बदलून घेतला. मी नाश्त्याबद्दल बोलणार आहे. मागून वडे तळल्याचा वास येतोच आहे, तेव्हा फार वेळ घेत नाही.

२०११ साली कामानिमित्त मी वर्षभर अमेरिकेत, मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला होते. फोर्ड कंपनीचं मुख्यालय तिथलं. लेबनॉनमधून आलेल्या लोकांची त्या गावात मोठी वस्ती आहे. काहींचे पणजोबा मोटारींच्या कारखान्यात कामाला आले, बरेचजण १९७५ ते १९९० या यादवी युद्धाच्या काळात घरदार सोडून आले. माझ्या घराजवळ कोपऱ्यावर त्यांच्यापैकी एकाचं सात-आठ टेबलांचं कॅफे होतं. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत भट्टीची ऊब. मालक म्हातारे होते, येणाऱ्या प्रत्येकाला आधी कॉफी आणि मग मेनू. कॉफी वेलची घालून उकळलेली, बिनकानाच्या चिमुकल्या कपात, तळाशी गाळ.

तिथे मी पहिल्यांदा मनूशे खाल्ली. भट्टीत भाजलेली जाडसर रोटी, वर झातर. झातर म्हणजे तीळ, ओव्याच्या जवळपास जाणाऱ्या एका रानपाल्याची पूड आणि सुमाक नावाचं आंबट फळ, सगळं ऑलिव्हच्या तेलात कालवलेलं. सोबत लबने. लबने तोंडात घातलं आणि मी मोठ्याने म्हणाले, “अहो, हा तर चक्का!” फडक्यात बांधून पाणी काढलेलं दही, फक्त साखरेऐवजी मीठ. श्रीखंडाचा भाऊच म्हणा. शिवाय हम्मस, म्हणजे काबुली चणे आणि तीळ वाटून केलेलं. यातलं काहीच मला परकं वाटलं नाही, आणि मी मोठ्या कौतुकाने घरी फोटो पाठवत राहिले.

एका रविवारी सोबत ऑफिसातला दिल्लीचा एकजण होता. अंबरनाथ नेमकं कुठे, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, “कल्याणच्या पुढे, उल्हासनगरनंतरचं स्टेशन.” तो उडालाच. त्याचं घर सिंधी. “उल्हासनगरच्या शेजारची तू? मग दाल-पकवान खाऊनच वाढली असशील!”

मी दाल-पकवान कधीही खाल्लं नव्हतं. त्याचा विश्वास बसेना.

आठवून बघा, आपण उल्हासनगरला कशाला जायचो? दिवाळीच्या जीन्सला, ताईच्या लग्नाच्या कपाटाला. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद तर आपण सगळ्यांनी केलाय. घरी कुणी बंदी घातली नव्हती. पण खायला आपण तिथे थांबत नव्हतो.

आणि मला थांबायचीही गरज नव्हती. दाल-पकवान नसेल, पण सिंधी नाश्ता रोज माझ्या बाकावर येत होता. सहावीत माझ्या शेजारी बसणारी आपली मैत्रीण कॅम्प ५मधून यायची. वडील अंबरनाथच्या कारखान्यात, म्हणून आपल्या शाळेत. तिच्या डब्यात कोकी असायची. मधल्या सुट्टीत एकदा तिने डबा पुढे केला आणि मी म्हणाले, “ई, जळकी भाकरी!” सगळ्या हसल्या. तीही हसली. त्यानंतर तिने डबा पुढे केला नाही, आणि काही दिवसांनी ती चपाती-भाजी आणू लागली. मी हे विसरूनही गेले होते. डिअरबॉर्नच्या त्या टेबलावर ते आठवलं आणि समोरची मनूशे काही संपेना.

परत आल्यावर लगेच तिला गाठलं, असं सांगायला बरं वाटलं असतं. पण त्याला आपला व्हॉट्सअॅप ग्रुप निघावा लागला, आणि नंतरही मी दोन वर्षं नुसतेच वाढदिवसाचे केक टाकत होते. शेवटी एकदा लिहिलं. तिचं उत्तर एका ओळीचं, “रविवारी सकाळी ये, उपाशी ये.”

कोकी जळकी नसते, हे मी पंचेचाळिसाव्या वर्षी शिकले. कणकेत कांदा, मिरची, कोथिंबीर, डाळिंबाचे सुके दाणे आणि भरपूर तुपाचं मोहन. पाणी अगदी कमी, कणीक घट्ट. जाड लाटून अर्धवट भाजायची, पुन्हा लाटायची, मग तूप सोडून मंद आचेवर खरपूस करायची. काळे डाग येतात ते त्या सबुरीमुळे. पाणी कमी म्हणून ती प्रवासात टिकते. मैत्रिणीची आजी फाळणीनंतर कराचीहून बोटीने मुंबईला आली, तेव्हा तिच्या गाठोड्यात कोकीच होती. तिथून कल्याण कॅम्प. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बांधलेल्या बराकी, त्यात गोणपाटाचे पडदे लावून एकेका कुटुंबाची खोली. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचं उल्हासनगर झालं. आजी त्या बराकीत पापड लाटायची आणि आजोबा ते कल्याणला विकायचे. आपण इतिहासात फाळणी पाच गुणांसाठी पाठ केली, आणि फाळणीचा डबा माझ्या शेजारच्या बाकावर होता.

मग ती मला कॅम्प ४मध्ये दाल-पकवानाला घेऊन गेली. मैद्याचं जिरं घातलेलं पकवान टोचे मारून तळतात, म्हणजे फुगत नाही आणि कडक होतं. हरभऱ्याची डाळ हळद घालून शिजवलेली, पण दाणा शाबूत. वर हिरवी चटणी, चिंचेची चटणी, कच्चा कांदा. मी डाळ पकवानावर ओतली तर गाडीवाल्या काकांनी मराठीत झापलं, “ताई, मऊ पडेल. तोडून बुडवा!” २०२३ साली युनेस्कोने मनूशेची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. पकवानासाठी कॅम्पात रविवारी लागते ती रांग मला तेवढीच मोलाची वाटली.

आता बदलापूरला माझ्या इमारतीखाली कॅफे आहे, तिथे हम्मस मिळतं. खरं सांगू, त्याला मेयोनीजची चव येते. तरी मुलीला नेते, आणि पुढच्या रविवारी तिला कॅम्पात नेते.

मैत्रीण आज इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे. हे सगळं बोलू का, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, “बोल, पण नाव घेऊ नकोस, नाहीतर सगळ्यांना कोकी करून घालावी लागेल.” त्या दिवशी तिच्या घरी मी माफी मागितली, तर तिला तो प्रसंग तारखेसकट नसला तरी बाकासकट आठवत होता. “तू खिडकीकडे बसली होतीस,” म्हणाली. मग तिने माझ्या ताटात दुसरी कोकी वाढली.

उद्या रविवार आहे. सकाळी आठला उल्हासनगर स्टेशनच्या पूर्वेला भेटूया. बाई, तुम्हाला न्यायला गाडी येईल. नऊनंतर पकवान संपतं, तेव्हा आपल्या बॅचच्या सवयीप्रमाणे येऊ नका.