उत्तम शुक्रवारचा प्रश्न



काही वर्षांपूर्वीचा उत्तम शुक्रवार. त्या दिवशी दुपारी बारा ते तीन आमच्या चर्चमध्ये येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांची उपासना असते. ती आटोपून पवईला घरी आले, तर लिफ्टमध्ये समोरच्या काकू भेटल्या. हातात कोथिंबिरीची जुडी. "आज उपास ना तुमचा?" मी हो म्हटलं. मग अगदी मनापासून त्यांनी विचारलं, "पण काय हो, तुमचा देव ज्या दिवशी गेला, त्या दिवसाला तुम्ही उत्तम कसं म्हणता?"

मी दारातच वीस मिनिटं बोलले. आदाम, पाप, बलिदान, तारण. नगरला शब्बाथ शाळेत पाठ केलेलं सगळं तिथेच ओतलं. काकू मान डोलवत होत्या, हातातली कोथिंबीर मलूल होत होती. शेवटी "कुकर लावायचाय" म्हणून त्या आत गेल्या. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी मला श्रद्धेबद्दल एक अक्षरही विचारलं नाही. ते मला फार लागलं. आज इथे बोलायला उभी आहे ती त्यामुळेच.

आपली श्रद्धा शेजाऱ्याला कशी सांगावी, हा प्रश्न पवईत नवा नाही. इथून जवळच, सीप्झच्या आवारात, सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चच्या भिंती अजून उभ्या आहेत. 1579 सालचं हे चर्च. 1840 च्या सुमारास साथ आली, लोक मरोळला निघून गेले आणि चर्च ओस पडलं. आजही मे महिन्यात सणासाठी गावठाणांतले ईस्ट इंडियन ख्रिस्ती तिथे जमतात. त्यांची मूळ बोली मराठीच. पण त्यांच्या पूर्वजांपर्यंत ख्रिस्ताचं नाव पोर्तुगीजांच्या राज्यात पोचलं, आणि त्या राज्याने देवळं पाडली, गोव्यात 1560 साली इन्क्विझिशन आणलं, हे ख्रिस्ती माणसाने स्वतःहून सांगायला हवं. ज्याच्या नावाने ते झालं, त्याच्या हातात तलवार नव्हती. ही वेदना बाजूला ठेवून मला माझ्या श्रद्धेबद्दल बोलता येत नाही.

त्याच 1579 साली एक इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. फादर स्टीफन्स. आपला हा भाग साष्टी, आणि त्याचं पुढचं बहुतेक आयुष्य गेलं तेही गोव्यातल्या साष्टीतच. तिथल्या नवख्रिस्ती लोकांची पुराणं सुटली होती. त्यांच्या जागी आम्हाला काय, हे त्यांचं मागणं त्याने ऐकलं आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' मराठीत रचलं. 1616 साली रायतूर इथे ते रोमन लिपीत छापलं गेलं. तेही पोर्तुगीजांच्याच सत्तेखाली, हे खरं. तरी मला त्याचं मोठेपण दिसतं ते असं, की परक्या मुलखातला हा माणूस आधी ओवी शिकला. समोरच्याच्या कानाला जे गोड लागतं ते आधी आपल्या कानात मुरवलं.

पण रोजच्या जगण्यातलं सांगणं कसं असतं, याचं माझ्या मनात घर करून बसलेलं उदाहरण आगगाडीतलं आहे. 1893 साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एका गोऱ्या प्रवाशाशी गप्पा झाल्या. त्याने टिळकांना बायबलची प्रत दिली, वाचा म्हणाला. टिळकांना डोंगरावरच्या प्रवचनाने धरलं ते धरलंच. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो प्रवासी कोण, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. आम्ही चर्चमध्ये टिळकांची भजनं गातो तेव्हा मला हटकून तो माणूस आठवतो. पुस्तक देऊन तो आपल्या वाटेने निघून गेला.

आणि त्याहून अवघड गोष्ट घडली ती टिळकांच्या घरात. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा हिंदूच राहिल्या. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. एकत्र आल्यावरही बाईंचं सोवळं आणि वेगळा स्वयंपाक टिळकांनी चालू दिला. ज्यांच्या कीर्तनाला माणसं जमत, तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं जे सांगत, त्यांनी घरात बायकोच्या मनाला तिचा वेळ दिला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा 1900 साली झाला, तो त्यांच्या स्वतःच्या विचाराने. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचं आत्मचरित्र वाचताना त्यांच्यावर कोणी दबाव आणू शकलं असतं, असं एका पानावरही वाटत नाही.

कायद्याचं म्हणाल तर घटनेच्या 25 व्या कलमाने आपल्याला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. दुसऱ्याचं धर्मांतर करणं हे मात्र त्या हक्कात मोडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली म्हटलं. पुष्कळ ख्रिस्ती बांधवांना तो निकाल खटकतो. मला नाही खटकत. कोणाचं मन वळवणं माझ्या हातात आहे, असं माझी श्रद्धाही कधी सांगत नाही. मी सांगायचं, आणि विचारलं असेल तेवढंच सांगायचं.

पुढे समोरच्या काकूंचे यजमान, काका, आजारी पडले. सतरा दिवस आयसीयूत होते. मी आणि काकू बाहेरच्या बाकावर बसायचो. मी थर्मासमधून चहा न्यायची, बोलायची फार नाही. अकराव्या की बाराव्या रात्री काकूंनीच विषय काढला. "तुमच्या येशूजवळ शेवटी कोण होतं हो?" म्हटलं, आई होती, एक शिष्य होता, थोड्या बायका होत्या. बाकीचे पळाले. आणि त्याला तर वाटलं, देवानेही आपल्याला टाकलं. तसं तो मोठ्याने ओरडला. "देव असून?" काकू म्हणाल्या. मी म्हटलं, हो, देव असून. तो त्या जागेपर्यंत जाऊन आला, म्हणून आम्ही त्या दिवसाला उत्तम म्हणतो. वीस मिनिटांत जे सांगता आलं नव्हतं, ते एवढंच होतं.

काका गेले. काकू आजही एकादशी करतात, विठ्ठलापुढे निरांजन लावतात. गेल्या उत्तम शुक्रवारी मात्र म्हणाल्या, "तुमच्याबरोबर येऊन बसले तर चालेल?" शेवटच्या बाकावर आम्ही दोघी बसलो. पाचवा उद्गार तहानेचा असतो. तो वाचला गेला तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला. बाहेर आल्यावर रिक्षात म्हणाल्या, "यांनीही पाणी मागितलं होतं. डॉक्टरांनी देऊ दिलं नाही मला."

घर येईपर्यंत मी त्यांचा हात सोडला नाही.