चष्मा उतरविण्याचा प्रश्न
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आमच्यासारख्या निवृत्त प्राथमिक शिक्षकाने नेत्रशस्त्रक्रियेवर बोलावे याचे पुष्कळांना नवल वाटेल. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. वैद्यकशास्त्राशी आमचा संबंध शाळेत डोळे तपासावयास येणाऱ्या पथकापुढे मुलांची रांग लावून देण्यापुरताच. परंतु गेल्या दीड वर्षात आमच्या घरी एक प्रसंग घडला. त्यात आमच्या हातून एक मोठी चूक होता होता राहिली, आणि त्या चुकीचा धागा या मंडळाच्या कचेरीतील एका छापील कागदापर्यंत येऊन पोहोचतो. कार्यवाहांनी भाषणाचा विषय विचारला तेव्हा म्हणूनच आम्ही हा विषय कळविला.

आमच्या धाकट्या बंधूंची कन्या औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर आहे. तेव्हा तिचे वय २२ होते. ती चौथीत असताना तिला फळ्यावरचे दिसेना, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तिला प्रथम आम्हीच नेले होते. तेव्हापासून चष्मा लागला तो लागलाच, आणि काच वर्षागणिक जाड होत गेली. पदवी हाती येताच लग्नाची बोलणी सुरू झाली. दोन ठिकाणी पत्रिका जुळली, मुलगी पसंत पडली, आणि मग मध्यस्थाकरवी निरोप आला की चष्म्याचा नंबर फार आहे. तिसऱ्या ठिकाणी तर मुलाच्या मातोश्रींनी पोह्यांची बशी हातात असतानाच, "जरा चष्मा काढून दाखव ग," असे सांगितले. मुलीने चष्मा काढला. समोर बसलेल्यांचे चेहरे तिला दिसत नव्हते, आणि ज्यांचे चेहरे तिला दिसावयास हवे होते ती आम्ही घरची वडील माणसे गप्प बसून होतो.

त्या रात्री बंधूंनी व आम्ही ठरविले की लेसरने हा चष्मा एकदाचा उतरवून टाकावा. लक्षात घ्यावे, ठरविले आम्ही दोघांनी. तिला सकाळी सांगितले.

पुण्यातील एका केंद्रात आम्ही तिला घेऊन गेलो. नाव सांगण्याचे कारण नाही. तपासणी अर्ध्या तासात आटोपली. "शस्त्रक्रिया होण्याजोगी आहे, दोन्ही डोळ्यांचे मिळून ८५ हजार, महिनाअखेरीपर्यंत नाव नोंदविल्यास सवलत," असे तेथील एका बाईंनी सांगितले. साड्यांच्या दुकानात ऐकू येते तशी ही सवलतीची भाषा कानाला खटकली खरी, परंतु आम्ही खिशातून पैसे काढण्याच्या बेतात होतो. मुलगी म्हणाली, "मला तपासणीचे कागद द्या, मी आठ दिवसांनी कळविते." तिच्या त्या आठ दिवसांनीच आम्हांस शहाणे केले.

घरी आल्यावर आम्ही दोघे ते कागद घेऊन बसलो. ती वाचून सांगे आणि आम्ही पाठकोऱ्या वहीत लिहून घेत असू. निकटदृष्टिदोषात बहुधा डोळ्याचा गोल लांबट झालेला असतो. त्यामुळे प्रतिमा दृष्टिपटलावर न पडता त्याच्या अलीकडेच तयार होते. डोळ्यात शिरणाऱ्या किरणांना वळविण्याचे सर्वांत मोठे काम बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, करीत असते. लेसरने या पडद्याचा मध्यभाग अतिशय सूक्ष्म प्रमाणात झिजवून त्याचा फुगवटा कमी केला की प्रतिमा मागे सरकते आणि दृष्टिपटलावर येते. शस्त्रक्रिया ती एवढीच. लांबट झालेला डोळा मात्र लांबटच राहतो, हे आम्हांस तोवर ठाऊक नव्हते. मोठ्या नंबराच्या माणसाचे दृष्टिपटल ताणलेले असते. ते फाटण्याची भीती चष्म्याबरोबर उतरून जात नाही. बाहुली मोठी करून मागचा पडदा तपासून घेणे पूर्वीइतकेच आवश्यक राहते.

या लेसरच्या शोधाशी आपल्या देशात जन्मलेल्या एका शास्त्रज्ञाचे नाव जोडलेले आहे, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. मद्रासेत १९२९ साली जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. १९८१ च्या नोव्हेंबरात, तिकडील सणाच्या मेजवानीत उरलेले टर्की पक्ष्याचे अवशेष त्यांनी प्रयोगशाळेत नेले आणि त्यांवर एक्सायमर लेसरचा झोत सोडला. आसपासचा भाग जराही न करपता नीटस खाच पडली. न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्यासमवेत १९८३ साली त्यांनी हाच गुण पारपटलावर पडताळून पाहिला. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या हस्ते २०१३ साली त्यांचा व त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा गौरव झाला. सणाच्या उष्ट्यातून एवढे शास्त्र निघाले! आमच्या शाळेत असते तर आम्ही त्यांना हात धुऊन यावयास सांगितले असते.

असो. मूळ मुद्दा गणिताचा आहे, आणि गणित हा आमचा विषय. निरोगी पारपटलाची मध्यभागी जाडी सुमारे ५४० मायक्रॉन असते, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. आमच्या पुतणीची निघाली ४८२. लॅसिक नावाच्या पद्धतीत प्रथम पारपटलाचा वरचा पापुद्रा कापून बाजूला उलटतात. तो सुमारे ११० मायक्रॉनचा धरू. मग लेसर दर एका नंबरामागे साधारण १२ मायक्रॉन झिजवितो. तिचा नंबर उणे ७, म्हणजे ८४ झाले. ४८२ मधून ११० आणि ८४ वजा जाता उरले २८८. खाली निदान २५० तरी शिल्लक राहावे असा जुना दंडक आहे. पुष्कळ सावध सर्जन ३०० धरतात. पुन्हा गमावलेला भाग मूळ जाडीच्या ४० टक्क्यांवर जातो, आणि तेथून पुढे धोका वाढतो असे मानले जाते. थोडक्यात, आमची पुतणी या परीक्षेत काठावर पास होत होती. चाळीस वर्षे आम्ही मुलांना काठावर पास करीत आलो, परंतु डोळ्याच्या बाबतीत तो औदार्याचा हात पुढे होईना.

नंतर मिरजेच्या एका वयस्क डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कॉन्टॅक्ट लेन्स किती दिवसांपूर्वी काढल्या?" पुण्याला ती लेन्स घालूनच गेली होती आणि तेथे कोणी विचारले नव्हते. लेन्समुळे पारपटलाचा आकार तात्पुरता बदलतो व मापे चुकतात. म्हणून दोन आठवडे लेन्स बंद ठेवून पुन्हा बोलावले, आणि चष्म्याच्या जुन्या चिठ्ठ्या आणावयास सांगितल्या. चिठ्ठ्या आमच्या पेटीत होत्या. कागद टाकून न देण्याच्या आमच्या सवयीची घरात नेहमी थट्टा होते, पण त्या दिवशी ती कामास आली. दीड वर्षापूर्वी नंबर उणे ६ होता. नंबर निदान वर्षभर स्थिर असावा, अर्ध्याहून अधिक सरकलेला नसावा, असा नियम. इथे तो पुरा एकाने सरकला होता. नंबर वाढत असताना शस्त्रक्रिया करणे म्हणजे वाढत्या मुलाला मापाचा अंगरखा शिवण्यासारखे आहे, आणि हा अंगरखा उसवता येत नाही.

यानंतर बाईंनी पारपटलाचा रंगीत नकाशा पुढे ठेवला. उजव्या डोळ्यात खालच्या बाजूचा उतार किंचित अधिक तीव्र होता. "डोळे चोळतेस का?" मुलगी होय म्हणाली. लहानपणापासून तिला डोळ्यांना खाज सुटण्याचा त्रास आहे. काही माणसांचे पारपटल मुळात दुबळे असते व पुढे ते शंकूसारखे फुगत जाते. अशा पडद्याला लेसरने आणखी पातळ केले तर जे कदाचित घडले नसते ते घडू शकते. मग चष्म्यानेही नीट दिसत नाही, पडदा बळकट करण्याचे उपचार करावे लागतात, आणि विकोपाला गेल्यास दुसऱ्याच्या नेत्रदानावर अवलंबून राहावे लागते. आमच्या पुतणीला हा विकार आहे असे बाई म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आज शंका आहे. शंका असताना मी हात लावणार नाही. वर्षाने पुन्हा नकाशा काढू."

आणि मग त्यांनी कागद बाजूला सारून मुलीला विचारले, "ही शस्त्रक्रिया हवी कोणाला आहे?"

ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "अण्णांना."

अण्णा म्हणजे आम्ही.

परतताना एसटीत तिने आम्हांस जे सांगितले ते आम्ही आजन्म विसरणार नाही. तिला चष्मा नकोच होता, फार वर्षांपासून नको होता. पहाटे जाग आल्यावर भिंतीवरचे घड्याळ दिसावे, पावसात काचा पुसत चालावे लागू नये, विहिरीत पोहताना काठावरचे माणूस ओळखता यावे, एवढ्यासाठी. ही तिची कारणे आम्ही कधी विचारलीच नव्हती. "तुम्ही सांगितलेत तेव्हा मला ती माझी गोष्ट वाटेनाशी झाली," असे ती म्हणाली.

या शस्त्रक्रियेविरुद्ध प्रचार करण्यास आम्ही उभे राहिलो आहोत असा समज कोणी करून घेऊ नये. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने चौदा वर्षांपूर्वी ती करून घेतली. तो गडकिल्ले चढतो आणि अजून खूष आहे. दुसऱ्याला मात्र डोळ्यांच्या कोरडेपणासाठी दोन वर्षे थेंब घालावे लागले, कारण पापुद्रा कापताना पारपटलातील बारीक नसाही कापल्या जातात. रात्री समोरून येणाऱ्या मोटारीच्या दिव्याभोवती त्याला अद्याप कडे दिसते. तो रात्रीचा टेम्पो चालवितो, तेव्हा त्याच्या दृष्टीने हे किरकोळ नाही. पापुद्रा न कापता करण्याच्या पद्धती आहेत, बारीक छिद्रातून आतला पातळ थर काढून घेण्याची पद्धत आहे, आणि पडदा पातळ असणाऱ्यांसाठी डोळ्याच्या आत भिंग बसविण्याचीही सोय आहे. त्यांतले कोणाला काय योग्य, हे ज्याच्या त्याच्या मापांवर ठरते. शेजाऱ्याला लाभले म्हणून आपल्याला लाभेल, हा हिशेब येथे चालत नाही.

चाळिशीचे काय, हा प्रश्न तरुणांना सुचत नाही. आमचा स्वतःचा नंबर उणे अडीच. सदुसष्टाव्या वर्षी आम्ही चष्मा काढून वर्तमानपत्र वाचतो. तरुणपणी आम्ही लेसर केले असते तर आज वाचावयास चष्मा शोधीत बसलो असतो. ज्यांनी ही शस्त्रक्रिया केली आहे त्यांनी आधीच्या मापांचे कागद जपून ठेवावेत, कारण पुढे मोतीबिंदू काढताना भिंगाचा नंबर ठरविणे त्यांच्या बाबतीत अवघड होते. गरोदरपणात व बाळ अंगावर पीत असताना नंबर हलतो, म्हणून तेव्हाही ती करीत नाहीत. लग्नाच्या घाईत उरकणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की साडेसातपेक्षा कमी नंबरासाठी केलेल्या या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्यविम्यातून मिळत नाही.

आता त्या छापील कागदाकडे येतो. आपल्या मंडळाच्या वधुवर सूचक विभागाचे माहितीपत्रक १९९६ साली तयार झाले. मुलींच्या पत्रकात उंची आणि वर्ण यांच्या खाली एक रकाना आहे : चष्मा, आहे किंवा नाही. मुलांच्या पत्रकात हा रकाना नाही. मिरजेहून परतल्यावर आम्ही कचेरीत जाऊन जुनी फाईल काढली. पत्रकाचा मूळ कच्चा मसुदा तीत सापडला. अक्षर आमचेच होते. त्या वेळी आम्ही सहकार्यवाह होतो. हा रकाना घालावा असे कोणी सुचविल्याचे आम्हांस स्मरत नाही. दुसऱ्या कोणत्या तरी मंडळाचा नमुना पुढे ठेवून आम्ही तो उतरून काढला असावा. उतरून काढणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही बाकावर उभे करीत असू.

त्या पत्रकांचे गठ्ठे आम्ही दोन दुपारी बसून चाळले. कित्येक ठिकाणी "नाही" लिहून पुन्हा खोडलेले आहे. काहींनी रकाना मोकळा सोडला आहे. आमच्या पुतणीचे पत्रकही त्यांत होते. तिच्या वडिलांनी चष्म्यापुढे "आहे, परंतु लवकरच जाईल" असे लिहिले होते.

हा रकाना काढून टाकावा, अथवा मुलांच्या पत्रकातही छापावा, असा लेखी ठराव आम्ही दिला आहे. कार्यकारिणीपुढे तो दोनदा आला आणि दोनदा वेळेअभावी पुढे ढकलला गेला. संमेलनानंतर पत्रकांचा नवा गठ्ठा छापखान्यात जावयाचा आहे, म्हणून आज भर सभेत त्याची आठवण देतो.

मुलीचे वर्ष येत्या मार्गशीर्षात पुरे होते. मिरजेच्या तपासणीची वेळ तिने स्वतःच ठरविली आहे आणि त्यासाठी पगारातून पैसेही बाजूला ठेवीत आली आहे. आम्हांस बरोबर यावयाचे असल्यास यावे, पण डॉक्टरीणबाईंशी ती बोलत असताना खोलीच्या बाहेर बसावे, अशी तिची अट आहे. ती आम्ही मान्य केली आहे.