पदवीनंतरची पाच वर्षे

(तालुक्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयात पदवीच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



पदवी परीक्षेच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या आपणांशी चार गोष्टी बोलण्यासाठी आपल्या महाविद्यालयाने मला पाचारण केले, याबद्दल मी ऋणी आहे. मी शिक्षणतज्ज्ञ नाही. शासनाच्या योजनांची माहिती लोकांपर्यंत पोहोचविणे हे माझे काम. त्या निमित्ताने गावोगावी हिंडताना कागदपत्रांची फाइल छातीशी धरलेले अनेक तरुण मला भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, ‘साहेब, जागा केव्हा निघणार?’ जागा निघेपर्यंत आपण काय करावे, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. आज मी त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी बोलणार आहे.

मीही आपल्यासारखाच कला शाखेचा पदवीधर आहे. निकाल लागला त्याच आठवड्यात मी एस. टी. ने जिल्ह्याच्या गावी गेलो, रांगेत उभा राहिलो आणि सेवायोजन कार्यालयात नाव नोंदविले. त्या नोंदणीपत्राला आम्ही ‘एम्प्लॉयमेंटचे कार्ड’ म्हणत असू. वडिलांनी ते देवघरातील पेटीत जपून ठेवले. आता बोलावणे येणार, अशी घरात सर्वांचीच समजूत झाली. बोलावणे काही आले नाही. कार्डाचे मुदतीत नूतनीकरण करावे लागते ही सूचना त्यावरच छापलेली होती. पण ती मी वाचलीच नव्हती. पुढे कार्ड पेटीतून बाहेर काढले तेव्हा मुदत टळून गेली होती आणि नोंदणीची ज्येष्ठताही गेली होती. दोष कार्यालयाचा नव्हता, माझाच होता. मी कार्ड जपले, त्यावरील मजकूर वाचला नाही.

याहून मोठी चूक मला नंतर कळली. रिक्त जागा सेवायोजन कार्यालयास कळविण्याची सक्ती करणारा कायदा १९५९ साली झाला. शासकीय आस्थापनांवर, तसेच पंचवीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या खाजगी आस्थापनांवर त्याने जागा कळविण्याचे बंधन घातले. कार्यालयाने पाठविलेल्या उमेदवारासच नेमावे, असे बंधन मात्र त्यात नव्हते. पुढे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शासकीय पदांसाठी केवळ या कार्यालयांकडून आलेल्या नावांवर विसंबू नये. जाहिरात देऊन इतरांचेही अर्ज विचारात घ्यावेत. म्हणजे मी कार्ड पेटीत ठेवले त्यापूर्वीच काळ बदललेला होता. बोलावण्याची वाट पाहण्याचे दिवस संपले होते आणि जाहिरात शोधून अर्ज करण्याची जबाबदारी उमेदवारावर आली होती. मी मात्र वाटच पाहत राहिलो. आज ही नोंदणी ‘महास्वयम्’ या शासकीय संकेतस्थळावर घरबसल्या करता येते. ती अवश्य करा. परंतु नोंदणी म्हणजे नोकरी नव्हे, हे विसरू नका.

आता काही व्यावहारिक गोष्टी सांगतो. पहिली गोष्ट जाहिरात वाचण्याची. जाहिरात म्हणजे पदाचे नाव आणि वेतन एवढेच नव्हे. वय कोणत्या दिनांकास मोजले जाईल, शैक्षणिक अर्हता कोणत्या दिनांकापर्यंत पूर्ण व्हावयास हवी, कोणती प्रमाणपत्रे कोणत्या दिनांकाची चालतील, हे सारे त्यात असते. जाहिरातीत वेगळे काही म्हटले नसेल, तर अर्हता अर्जाच्या शेवटच्या दिनांकास अंगी असावी लागते. ‘निकाल लागणारच आहे’ हे उत्तर तेथे चालत नाही. पेन्सिल घेऊन जाहिरात दोनदा वाचा आणि प्रत्येक दिनांकाखाली रेघ ओढा.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. अधिवास प्रमाणपत्र, जातीचे प्रमाणपत्र, लागू असल्यास नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र. यांची धावपळ जाहिरात निघाल्यावर करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्राला मुदत असते. जात वैधतेच्या कामी पुरावा सादर करण्याची जबाबदारी अर्जदारावरच असते आणि आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या व महसुली नोंदी मिळविण्यात महिने जातात. आपल्या नावातील एखादा काना-मात्रा शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधार कार्डावर दुसरा असेल, तर तो आजच दुरुस्त करून घ्या. विवाहानंतर नाव बदलणाऱ्या भगिनींनी विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदलाची प्रत हाताशी ठेवावी. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. अधिसूचित सेवा ठराविक मुदतीत मिळणे हा आपला हक्क असून विलंब झाल्यास अपील करता येते. अर्जाची पोच मात्र जपून ठेवा.

तिसरी गोष्ट काळाची आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. २०१६ साली राज्य शासनाने आपल्या सेवेतील प्रवेशाची सर्वसाधारण कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षे केली. ज्यांना परिस्थितीमुळे उशीर झाला, त्यांच्या दृष्टीने हा मोठाच दिलासा होय. तथापि, या मर्यादेचा अर्थ तोपर्यंत केवळ परीक्षाच देत राहावे असा नाही. शहरात खोली घेऊन, घरून दरमहा पैसे मागवून, पंचविशी आणि तिशी ओलांडलेले तरुण मी पाहिले आहेत. ते हुशार आहेत, कष्टाळू आहेत. परंतु मोजक्या जागांसाठी प्रचंड संख्येने अर्ज येतात, तेव्हा अनेक लायक उमेदवारांनाही वगळले जाते. त्यानंतर खाजगी क्षेत्राकडे वळताच पहिला प्रश्न येतो, ‘इतकी वर्षे काय केले?’ आणि तेथे माणूस निरुत्तर होतो.

यास्तव माझी विनंती अशी की, पदवीनंतरच्या पाच वर्षांचा आराखडा आई-वडिलांसमोर बसून आजच कागदावर मांडा. पहिली दोन वर्षे परीक्षेची पूर्ण वेळ तयारी करावयाची असेल तर जरूर करा. तिसऱ्या वर्षापासून मात्र एखादे काम हाती असावे आणि त्यासोबत अभ्यास चालावा. हा कोणताही शासकीय नियम नव्हे. पाहिलेल्या अनुभवांवरून केलेला माझा हिशेब आहे. आपला हिशेब वेगळा असू शकेल, पण तो लिहिलेला असावा.

असे काम मिळावयाचे कोठे, असे आपण विचाराल. एक मार्ग शिकाऊ उमेदवारीचा आहे. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा केवळ आय. टी. आय. च्या मुलांसाठी आहे, असा गैरसमज आढळतो. २०१४ च्या दुरुस्तीनंतर अभियांत्रिकीखेरीज इतर शाखांच्या पदवीधरांनाही त्यात स्थान मिळाले आहे. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. राज्य शासनाने २०२४ साली सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना दरमहा ६,०००, आय. टी. आय. व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरविण्यात आले. हे सारे प्रशिक्षण आहे, नियुक्ती नव्हे. ते संपल्यावर नोकरी मिळेलच अशी हमी नाही. परंतु ‘काय केले?’ या प्रश्नाला त्यातून उत्तर मिळते.

चौथी गोष्ट अर्जाची. ‘कोणतेही काम करण्यास तयार आहे’ हे वाक्य मी शेकडो अर्जांत वाचले आहे. लिहिणाऱ्याची तळमळ खरी असते; पण वाचणाऱ्याला त्यातून काहीच बोध होत नाही. एका मुलाने आपला अर्ज मला दाखविला. त्यात पदवी आणि हे एक वाक्य, एवढेच होते. मी विचारले, ‘पहाटे काय करतोस?’ तो म्हणाला, ‘गावच्या दूध संकलन केंद्रावर असतो. फॅट लावतो, नोंदवही लिहितो, दर दहा दिवसांनी शेतकऱ्यांची बिले काढतो.’ हे अर्जात का लिहिले नाही, असे विचारता तो म्हणाला, ‘ते काय काम आहे, साहेब!’ मित्रांनो, रोज ठरल्या वेळी हजर राहणे, मोजमाप करणे, हिशेब चुकू न देणे आणि बिलावरून तक्रार करणाऱ्याला शांतपणे समजावणे, ही गुणवत्ता नव्हे तर दुसरे काय? आम्ही तेच चार ओळींत लिहिले. आपण बचत गटाचे हिशेब ठेवले असतील, शिकवण्या घेतल्या असतील, तर ते नेमके आणि खरे लिहा.

कला शाखेच्या विद्यार्थ्यांना आणखी एक सांगतो. स्वच्छ, मुद्देसूद लिहिता येणे ही आपली शिदोरी आहे. राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक स्वरूपाची झाली आहे. दररोज एक पान लिहा आणि दुसऱ्याकडून तपासून घ्या. मुलाखतीत जे ठाऊक नाही त्याला ‘मला माहीत नाही’ असे सरळ सांगा. त्यात कमीपणा नाही.

शेवटची गोष्ट सावधगिरीची. नोकरी लावून देतो म्हणून जो पैसे मागतो, त्याच्या हाती नोकरी नसते. शासकीय पद जाहिरात, परीक्षा आणि निवड यादी यांतूनच मिळते. परदेशातील नोकरीसाठी १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी झालेल्या अभिकर्त्याकडेच जावे. त्याला उमेदवाराकडून ३०,००० रुपये व त्यावरील वस्तू व सेवा कर याहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही, आणि घेतलेल्या रकमेची पावती त्याने द्यावयास हवी. शेत गहाण टाकून, आईच्या अंगावरचे डाग मोडून पैसे भरलेली कुटुंबे माझ्या पाहण्यात आहेत. पैसा तर जातोच. पण लाजेपायी ती तक्रारही करीत नाहीत, आणि पुढचा बळी त्या मौनामुळे जातो. असे घडल्यास पोलिसांकडे तक्रार करा.

मित्रांनो, माझे जुने कार्ड मी अजून टाकून दिलेले नाही. ते कार्यालयातील माझ्या खणात असते. कोणी तरुण ‘जागा केव्हा निघणार?’ असे विचारीत आला की मी ते त्याच्या हाती देतो आणि मागची बाजू वाचावयास सांगतो. आपणांपैकी कोणावर ते वाचण्याची वेळ येऊ नये. घरी गेल्यावर आज रात्री एक कोरा कागद घ्या, त्यावर पुढील पाच वर्षे लिहा आणि तो कागद पेटीत न ठेवता भिंतीवर लावा. आपणां सर्वांना परीक्षेसाठी आणि त्यानंतरच्या वाटचालीसाठी मनःपूर्वक शुभेच्छा देऊन मी आपली रजा घेतो.