साखळी आणि साक्ष



पेडणे-डिचोलीतल्या तुमच्या घरी जुन्या पेटीत जमिनीचे कागद असतील: एक-चौदाचा उतारा, एखादा पोर्तुगीज दस्तऐवज. बनावट कागदांवर जमिनी बळकावल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की २०२२ साली गोवा सरकारला खास तपास पथक नेमावे लागले.

यावर ब्लॉकचेनचा उपाय सुचवला जातो. तिची कल्पना सोपी आहे. वहीच्या प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा ठसा असतो आणि वहीच्या प्रती अनेकांकडे असतात. कोणी एक पान बदलले, तर पुढचे ठसे जुळत नाहीत. २०२२ मध्येच गडचिरोलीतल्या एटापल्लीत जातीचे ६५ हजार दाखले अशा वहीत नोंदवण्याचे काम हाती घेतले गेले.

अनेकांच्या साक्षीने कारभार, ही रीत गोव्याला नवी नाही. गावकरीत निर्णय गावकार एकत्र बसून घेत. तिसवाडीतल्या त्या रिती पोर्तुगिजांनी १५२६ च्या फोरालात लिहून घेतल्या. सत्ता एका हाती नव्हती, हे खरे. पण बैठकीत जागा गावकार घराण्यांच्या पुरुषांनाच होती. बाकीचा गाव बाहेर.

धोका तोच आहे. साखळी लिहिलेले जपते. ते खरे की खोटे, हे तिला कळत नाही. १९७५ च्या कायद्याने ज्याला संरक्षण दिले, त्या मुंडकाराचे नाव पहिल्या नोंदीतच राहून गेले, तर ती चूकच पक्की होऊन बसेल.

म्हणून यंत्र येण्याआधी गावच्या नोंदी ग्रामसभेत मोठ्याने वाचल्या जाव्यात. त्या दिवशी तुम्ही हजर राहा, आणि शेजारच्या मुंडकारालाही बोलावून न्या.