उंबराचे ‘इतर हक्क’



देवालयामागचा उंबर सर्वांच्या परिचयाचा आहे. औदुंबर हे दत्तमहाराजांचे स्थान, म्हणून त्यावर सहसा कोणी कुऱ्हाड चालवीत नाही. जीर्णोद्धारात मात्र थेट बुंध्यापर्यंत सिमेंटची फरशी घालावी, अशी सूचना पुढे आली आहे. जमिनीच्या सातबाऱ्यावर जसा ‘इतर हक्क’ असा रकाना असतो, तसा तो या झाडालाही आहे. निर्णयापूर्वी तो वाचून पाहणे इष्ट.

क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण उंबराचे फूल म्हणतो. वास्तविक उंबराला फुले असतात, आणि तीही हजारोंनी! ज्याला आपण फळ म्हणतो, ती कोवळेपणी आतून फुलांनी भरलेली बंद थैलीच असते. तिच्या टोकाच्या बारीक छिद्रातून गांधीलमाशीच्या जातकुळीतील एक चिमुकली माशी आत शिरते. शिरताना तिचे पंख तुटतात; तिला परतीची वाट नाही. अंगावरचे पराग ती फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच मरते. पुढे तिच्या संततीतील बिनपंखी नर बाहेरची वाट पोखरून देतात आणि माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडून जातात. माशी नाही तर उंबराला बी नाही, उंबर नाही तर माशीला वंश नाही. या देवघेवीस शास्त्रात सहजीवन म्हणतात. तेव्हा फळात किडे निघाले म्हणून नाक मुरडू नये.

पिकल्या फळांवर दिवसा हरियल, तांबट, बुलबुल येतात, रात्री वटवाघळे. त्यांच्या विष्ठेतून बी दूरवर पडते. झाड सूर्यप्रकाशावर स्वतःचे अन्न तयार करते, म्हणून ते उत्पादक. खाणारे ते भक्षक. गळलेला पाला कुजवून मातीत मिळविणारी बुरशी, वाळवी, गांडुळे व सूक्ष्मजंतू हे विघटक. वाळवीचे नाव देणगीदारांच्या फलकावर कधी लागणार नाही, पण झाडाचे खत तिच्याही हातून येते. अन्नातील ऊर्जा एकाकडून दुसऱ्याकडे जाताना घटत जाते. मातीतील क्षार मात्र फिरून मुळाशी येतात.

माती, पाणी, हवा आणि हे सारे जीव मिळून जो संसार चालतो, ती परिसंस्था. ही संज्ञा इंग्रजीत टॅन्सली या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३५ साली मांडली. आपल्या पूर्वजांनी संज्ञेवाचून देवराया राखल्या. सह्याद्रीतील अशा देवरायांचा अभ्यास माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात केला.

आता फरशीचा विचार करावा. सिमेंटखाली पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. पाला झाडून पेटविला की विघटकांचे दप्तरच बंद होते. त्याऐवजी फांद्यांची सावली पडते तेवढी जागा मोकळी ठेवावी, कडेने सिमेंटवाचून रचलेला दगडी कठडा करावा आणि पाला बुंध्याभोवतीच राहू द्यावा. फरशीसाठी आलेली रक्कम सभामंडपाच्या पायऱ्यांकडे वळविता येईल. त्यास संबंधित देणगीदारांची लेखी संमती मात्र आधी घ्यावी.